हिरवळीवर मासेमारी करू नये

डोंगरातल्या नद्यांवर फ्लाय फिशिंग करणारी मंडळी उन्हाळ्यात मासे कमी धरतात आणि अहवाल जास्त लिहितात. कोलोरॅडोचा किंवा मोंटानाचा असा एखादा अहवाल वाचून पाहावा. नदीला सेकंदाला इतके घनफूट पाणी, पाणी नितळ, सकाळी सातला तापमान अमुक, दुपारी दोनला तमुक, झाडाच्या सावलीत फेका, स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नका, वर नाकतोडा आणि खाली अळी अशी जोडी लावा. एवढं करून मासा लागला नाही तर संध्याकाळी पुन्हा या. इतका तपशील आपल्याकडे फक्त पत्रिका जुळवताना बघतात, आणि त्यातून पुढे काय निघतं ते घरोघरी ठाऊक आहे.

असा अहवाल पुण्याजवळच्या भुकूममध्ये रोज सकाळी येतो. आमच्या सोसायटीच्या बी विंगेत एक निवृत्त इंजिनीअर राहतात. काकू सोडून सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांचा मुलगा डेन्व्हरला असतो. वडील निवृत्त झाले, आता त्यांना काहीतरी छंद हवा, अशी काळजी परदेशातल्या मुलांना फार असते. इकडे पाणी, मेंटेनन्स आणि लिफ्ट एवढे तीन छंद सोसायटीतर्फे फुकट मिळतात, हे त्यांना तिथे बसून कळत नाही. त्याने नऊ फुटी रॉड, रील, पाच नंबरची दोरी आणि डबीभर फ्लाय पाठवल्या, आणि तिकडचा अहवालही रोज धाडायला लागला.

डबी उघडण्याचा समारंभ आम्हा शेजाऱ्यांसमोर झाला. गळाला पिसं, केस, दोरे बांधून केलेले खोटे किडे, एकेकाचं नाव साहेब चष्मा वर करून वाचत होते. रॉयल कोचमन. पॅराशूट अ‍ॅडम्स. एल्क हेअर कॅडिस. वूली बगर. हे शेवटचं त्यांनी घाईत वाचलं. मग पिवळ्या फोमचं अंग, पाठीवर पांढऱ्या केसांचा झुबका आणि दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रबरी तंगड्या असलेलं एक प्रकरण बाहेर आलं.

"हे झुरळ कुठून आलं?" काकूंनी विचारलं.

"नाकतोडा आहे. याला चबी चेर्नोबिल म्हणतात."

"म्हणून एवढ्या तंगड्या."

इथे सांगायला हवं की साहेब शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांच्या घरी चातुर्मासात कांद्यालासुद्धा प्रवेश नाही. त्यामुळे धरलेला मासा लगेच सोडून द्यायचा, हे फ्लायवाल्यांचं तत्त्व त्यांना अगदी सोयीचं वाटलं. काकूंना वाटलं नाही. "खायचा नाही, विकायचा नाही," त्या म्हणाल्या, "मग त्याला बाहेर बोलावता कशाला?" या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याच फ्लायवाल्याने आजवर बायकोला समाधानकारक दिलेलं नाही.

राहता राहिली नदी. चांदणी चौक मागे टाकला की भूगाव, मग भुकूम, मग पिरंगुटचा घाट. डोंगर आहेत आणि डोंगरी नदीही आहे. रामनदी इथल्याच टेकड्यांत उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. म्हणजे नदीचा उगम साहेबांच्या गॅलरीतून हाकेच्या अंतरावर. फक्त मे महिन्यात तिला पाणी नसतं. पुढे बावधनपासून खाली जे काळं पाणी वाहताना दिसतं त्यात नदीपेक्षा रहिवाशांचा वाटा मोठा असतो.

आणि पाण्याच्या स्थितीचा अहवाल म्हणाल तर तो आम्हालाही येतो. सोसायटीच्या ग्रुपवर. "ए विंग सहा ते सात, बी विंग सात ते साडेसात. टँकर भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आहे. आजचं पाणी पिण्यासाठी वापरू नये." प्रवाह, वेळ, नितळपणा, सगळं त्यात आलं. मोंटानावाले याहून जास्त काय सांगतात?

नदी नाही म्हणून साहेबांनी सराव सोसायटीच्या हिरवळीवर सुरू केला. साध्या गळाला शिसं असतं, ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायला वजनच नसतं. वजन असतं दोरीला. म्हणून इथे दोरी फेकायची आणि फ्लायने तिच्यामागून जायचं. त्यासाठी काठी घड्याळाच्या काट्यावर चालवतात. पुढे गेली की दहा वाजले पाहिजेत, मागे गेली की एक. दहाच्या पुढे खाली गेली की दोरी पायाशी गोळा होते, एकच्या मागे गेली की मागच्या झाडात. दहा ते एक. एक ते चार पुण्यात तसंही काही चालत नाही.

(उन्हाळ्यात माशांचंही हेच आहे, हे पुढे कळलं. दुपारी पाणी तापलं की मासा खोल डोहात किंवा झाडाच्या मुळांखाली जाऊन बसतो आणि कुणाचं काही ऐकून घेत नाही. म्हणून जगभरचे अहवाल सांगतात, पहाटे या किंवा तिन्हीसांजेला या.)

पुढच्या दहाचा साहेबांना लवकर अंदाज आला. मागचा एक मात्र हाताला लागेना. मागे सी विंग होती. एका सकाळी काठी मागे गेली आणि पुढे येईना. साहेबांनी हिसका दिला, रील करकरलं, काठी कमानीसारखी वाकली, आणि घसरगुंडीवरची पोरं "लागला, लागला" म्हणून ओरडत आली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरून एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा चिमट्यांसकट सुटला आणि डौलात खाली उतरला. साहेबांनी तो नियमाप्रमाणे लगेच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. "हिरवळीवर मासेमारी करू नये. मासे नसले तरी. आदेशावरून."

प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे गेलं. साहेब तयारीने आले होते. हा छंद काही साहेबाच्या देशातून आलेला नाही, असं म्हणत त्यांनी थेट बाराव्या शतकात उडी घेतली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ. त्यात राजाने मन कसं रमवावं हे सांगताना मत्स्यविनोद नावाचं अख्खं प्रकरण आहे. मासे कोणते, कुठल्या पाण्यात असतात, कुणाला काय चारायचं, गळाने कसे धरायचे, हे सगळं राजाने लिहून ठेवलंय. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन, ज्याला ते या विद्येचा आद्य गुरू मानतात, त्याचं पुस्तक आलं 1653 मध्ये. म्हणजे आपला राजा पाचशेहून जास्त वर्षांनी पुढे. सभा क्षणभर अभिमानाने गप्प झाली. मग सचिव म्हणाले, "तो राजा होता. त्याच्यामागे सी विंग नव्हती."

त्यानंतर साहेबांनी खऱ्या पाण्याचा शोध सुरू केला आणि त्यांच्याबरोबर आमचंही शिक्षण झालं.

पहिलं हे कळलं की या सगळ्या अहवालांचा नायक ट्राउट आहे आणि तो थंड पाण्याचा लाडावलेला जीव आहे. पाणी वीस अंशांवर गेलं की तिकडचे सभ्य लोक काठी गुंडाळून घरी जातात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. त्यात झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी जगेलच असं नाही. ब्रिटिशांना या माशाशिवाय करमेना, म्हणून त्यांनी तो काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला, दक्षिणेत निलगिरीवर नेला. पुण्याच्या वाटेला कुणी आणला नाही. मे महिन्यात चाळिशीला टेकणाऱ्या गावात ट्राउट सोडला असता तर तो धरायला गळ लागला नसता, झारा पुरला असता.

आपला मासा वेगळा. महसीर. मुळशी-मावळात त्याला खडशी म्हणतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची मोजदाद करत हिंडत होता. माणसं, पिकं, पक्षी मोजून झाले तेव्हा त्याने मासे घेतले. इथल्या मासेमारांना नावं विचारली आणि तीच लॅटिनच्या पंगतीला बसवली. खुद्री, कोळस, बोगट, फुलंगी, सगळे तिथे मांडी घालून बसले आहेत. यातला खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, त्याने मुळा-मुठेतून घेतला आणि 1839 मध्ये शास्त्राच्या दफ्तरात नोंदवला. म्हणजे हा मासा कागदोपत्री पुणेकर आहे.

आणि वागतोही तसाच. टाटांनी लोणावळ्याजवळ वळवण तलावापाशी या माशाची पैदास केली. 1970 नंतरच्या काळात तिथली पिल्लं देशभर वाटली गेली, त्यातली काही कावेरीत सोडली. कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा, नारिंगी पर, आकाराने अवाढव्य. पुण्याची मंडळी तिथे पोचली, रुळली आणि बघता बघता सगळीकडे दिसू लागली. मूळ रहिवासी आक्रसत गेला. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय नाव निश्चित मिळालं ते 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या काठावरच्या यादीत गेला. कावेरीवर महसीरच्या गळाला नाचणीचा गोळा लावतात. आमचा पुणेकर तोही निमूट खातो. पुण्यात राहून त्याने नाचणीला इतका मान दिला नसता.

साहेबांना मात्र गोळा नको होता. फ्लायच हवी. आणि फ्लायवाल्यांचा मुख्य नियम असा की ज्या दिवशी पाण्यावर जो किडा पडत असेल त्याचीच नक्कल लावायची. डेन्व्हरच्या अहवालात उन्हाळ्यासाठी नाकतोडे, मुंगळे, भुंगेरे सांगितले होते. गवत वाळलं, वारा सुटला, की हे किडे काठावरून पाण्यात पडतात. मुळशीत मे महिन्यात गवतच नसतं. असतं ते वणव्याने काळं झालेलं. पण आमच्याकडे दुसरी मेजवानी असते. वळवाची पहिली सर पडली की संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि ती पाखरं दिव्यांभोवती घोंगावत आमटीत पडतात. तीच पाण्यावरही पडतात, आणि त्या तासाभरात मासा वेडा होतो. शिवाय महसीरला फळं चालतात. काठचं उंबर पिकून टपकायला लागलं की तो खाली येऊन उभा राहतो. साहेबांनी काकूंच्या लोकरीच्या टोपलीतून तांबडी लोकर घेऊन एक उंबर बांधलंसुद्धा. ते इतकं हुबेहूब झालं की गॅलरीत वाळत ठेवलं तर बुलबुल घेऊन गेला. आता त्या बुलबुलाचं पुढे काय झालं, याची साहेबांना खरी काळजी लागून राहिली होती. गळाचं टोक बांधताना त्यांनी मोडून ठेवलं होतं एवढंच समाधान.

महाराष्ट्रात महसीर सगळ्यात हमखास कशाला येतो म्हणाल तर चुरमुऱ्याला. इंद्रायणीकाठी देहूला, महाडकडे वाळणकोंडीला, वाड्याजवळ तिळश्याला देवाचे मासे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कुणी हात लावलेला नाही. लोक काठावरून चुरमुरे टाकतात आणि मासे बिनधास्त वर येतात. पांढऱ्या फोमचा चुरमुरा बांधायला दोन मिनिटं पुरेत, अशी कल्पना साहेबांनी एकदा बोलून दाखवली. काकू म्हणाल्या, "टाका की. मासा वर येईल आणि गावकरी तुम्हाला खाली पाठवतील." तो विषय तिथेच संपला.

पिसांचीही एक गोष्ट आहे. विलायतेत सामन धरायच्या जुन्या नामांकित फ्लाय असत, जॉक स्कॉट वगैरे. त्यांच्या गालावर हटकून एक पीस असायचं, टोकाला चकचकीत पिवळट ठिपका असलेलं. ते येतं आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेतून. ताम्हिणीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. स्कॉटलंडचा मासा फसवायला सह्याद्रीचा कोंबडा मान देत होता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला आता संरक्षण आहे, त्यामुळे साहेबांनी पाळीव कोंबड्याची पिसं आणायचं ठरवलं. पिरंगुटच्या चिकनवाल्याने पोतंभर फुकट दिली. शाकाहारी घरात ती पोतंभर पिसं कुठे ठेवली असतील याची कल्पना करू नये. पार्किंगमध्ये ठेवली होती. पुढची सूचना त्यावर होती.

पण पाणी? चांदणी चौकाकडून येणारा रस्ताच भुकूमहून पुढे पौडवरून मुळशीला जातो. तिथे मुळेवर टाटांचं धरण आहे. ज्याच्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापट आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला, तेच. पाणी तुडुंब. पण मुळा पूर्वेकडे वाहणारी नदी असली तरी तिचं हे पाणी पूर्वेकडे फारसं येत नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलंय. सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, मुंबईसाठी वीज करतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. 1927 पासून हे चालू आहे. म्हणजे पाऊस आमच्या डोंगरावर, वीज मुंबईला, वाहतं पाणी कोलाडला आणि टँकर आम्हाला.

साहेब इंजिनीअर. त्यांना यातली रचना फार आवडली, आणि एक गोष्ट चमकून गेली. अमेरिकेत धरणाखालच्या नदीला फ्लायवाले उन्हाळ्यात डोक्यावर घेतात, कारण धरणाच्या तळातून येणारं पाणी गार असतं आणि भर उन्हाळ्यात नदी वाहती राहते. मग आपली तशी नदी कुंडलिका! साहेब ताम्हिणी उतरून कोलाडला पहाटे पोचले, अंगात सतरा खिशांचं जाकीट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. नदी खरोखर वाहत होती. पाणी खरोखर गार होतं. दहा ते एक अशी काठी चालू झाली, आणि वळणावरून हेल्मेट घातलेल्या माणसांनी भरलेली रबरी होडी आली. तिच्यामागे आणखी एक. मग आणखी. वीजघराचं पाणी सुटतं त्याच वेळात तिथे राफ्टिंग चालतं, हे अहवालात नव्हतं. प्रत्येक होडीने "काका, मिळाला का?" असं विचारलं. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं, आणि सगळ्या नदीने "मोरया". साहेब म्हणतात, मासा असलाच तर तो तिथून थेट रेवदंड्याला पोचला असेल.

शेवटी पिरंगुटवरून घोटावड्याच्या बाजूला उतरल्यावर मुळेचा एक डोह मिळाला. उन्हाळ्यात तिथे नदी म्हणजे डोहांची माळ असते. मधे नुसते धोंडे. या वेळी मीही बरोबर होतो, पिशवी धरायला. काठावर एक आजी धुणं धूत होत्या आणि एक पोरगा कळकाची काठी धरून बसला होता. तंगूस, गळ, आणि चपलेच्या रबराचा तुकडा वर तरंगायला. शेजारी काडीत ओवलेल्या चार-पाच चिलाप्या.

साहेबांनी सूर्य बघितला, वारा बघितला, थर्मामीटर पाण्यात बुडवला. एकोणतीस अंश. पोरगा थर्मामीटरकडे बघत होता. "काका, पाण्याला ताप हाय?"

आणि लागला! खरंच लागला. पाण्याखालची बारीक फ्लाय एका तळहाताएवढ्या चिलापीने गिळली. चिलापी परदेशातून आलेली, गटारातही जगणारी, तिला कुणी मान देत नाही. साहेबांनी ती ओल्या हातात अलगद धरली, गळ सोडवला, फोटो काढला आणि पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून सोडली. प्रवाह नव्हता, पण नियम तसा आहे.

आजींचं धुणं थांबलं. "सोडायचाच व्हता तर धरला कशापायी?"

"मोठा होऊ दे म्हटलं."

"मंग मोठा झाल्यावं धरनार?"

"धरणार, आणि तेव्हाही सोडणार."

आजींनी साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी कोनकोन हाय यांच्या?"

जाताना साहेबांनी त्या पोराला एक चबी चेर्नोबिल बक्षीस दिली. पोराने गळाचं टोक नखावर घासून पाहिलं. "लय बारीक हाय." मग दातांनी रबरी तंगड्या तोडल्या, पाठीवरचा झुबका उपटला, गळ काढून बाजूला ठेवला आणि पिवळा फोम तंगुसात ओवून चपलेच्या तुकड्याच्या जागी बसवला. त्याखाली हातभर अंतरावर स्वतःचा गळ आणि त्यावर डब्यातलं गांडूळ.

साहेब बघतच राहिले. वर तरंगणारा नाकतोडा आणि खाली बुडणारी अळी. डेन्व्हरचा अहवाल महिनाभर हीच जोडी लावा म्हणून सांगत होता. त्यांनी फोटो काढून मुलाला पाठवला. तिकडे रात्र होती, तरी उत्तर लगेच आलं. बाबा, झकास! खालची फ्लाय कुठली आहे? डबीत दिसली नव्हती.

साहेबांनी डब्यात वाकून पाहिलं आणि टाइप केलं, "लोकल आहे. शेणखताच्या ढिगाखाली मिळते."

फोम बुडाला. पोराने काठी उचलली, चिलापी काडीत ओवली आणि हात पुसत विचारलं, "काका, त्यो पिवळा आजून हाय का एखादा? आमच्या दादालाबी पायजे."